सव्वाशे ग्रॅम

जुनं हॅण्डल ॲल्युमिनियमचं: दोनशे नव्वद ग्रॅम,
डाव्या टोकाला खरचटलेलं, प्रामाणिक.
हिप्परग्याच्या तलावामागं मुरमाची वाट आहे,
तिच्यावर चाळीस मिनिटं झाली
की माझी करंगळी आणि तिच्या शेजारचं बोट
माझी राहत नसत.

नवी पेठेत, बसवराज हत्तुरेच्या दुकानात,
काचेमागं कार्बनचं टांगलेलं.
एकशे पासष्ट.
"उचलून तर बघ की," तो म्हणाला,
आणि माझा हात गरजेपेक्षा वर गेला,
जिन्याला अजून एक पायरी आहे समजून
पाय टाकावा, तसा.

नऊ हजार चारशे.
लॅबमध्ये मला सतरा मिळतात.

अम्मा सूप मांडीवर घेऊन बसली होती.
म्हटलं, सव्वाशे ग्रॅम कमी होतात.
पान कापता कापता म्हणाली,
सव्वाशे ग्रॅम म्हणजे पाचशे विड्या.
(कारखान्यात तंबाखू तोलून देतात,
तिला वजनं अशीच कळतात.)
मग कात्री थांबली.
कमी करायचे पैसे पडतात,
हे तिनं कधी ऐकलं नव्हतं.
तिचे पैसे कापतात
ते माल कमी भरला म्हणून.

सकाळी एक भाकरी सोडली तरी
तेवढंच हलकं होता येतं,
हे ती बोलली नाही. मीही नाही.

खरं तर वजन हे कारणच नव्हतं.
बसवराजनं पावतीच्या पाठीमागं रेघा मारून दाखवलं होतं:
दगडाचा धक्का वर येतो, धातू तो तसाच पुढं ढकलतो,
हे थोडा स्वतः पितं.

एका रात्रीपुरतं घरी आणलं.
नायनांनी चष्मा कपाळावर सारला,
हॅण्डल ट्यूबलाइटखाली तिरकं धरलं.
"ट्विल. दोनावर दोन."
बोट फिरत फिरत मधल्या जाड भागाशी थांबलं.
"ही वरची वीण दाखवायची. आत काय?"
आत वीण नाही, मी सांगितलं,
नुसते सरळ धागे, थरावर थर,
प्रत्येक थर वेगळ्या कोनात, राळेत बसवलेला.
"आडवा धागा वरून-खालून जातच नाही?"
नाही.
"मग तुटताना सांगणार नाही हे."

बसवराजही हेच म्हणाला होता.
ॲल्युमिनियम वाकतं, कुरकुरतं, आजारी पडतं.
हे चांगलं असतं, चांगलं असतं,
आणि मग नसतं.
पडलीस, तर नाण्यानं वाजवून बघ.
खणखणीत आलं तर बस, बद्द आलं तर फेक.

नाणं मी नायनांच्या हातात दिलं
आणि मगच मला आठवलं.
चौतीस वर्षं चार-चार मागांमध्ये उभं राहून
उजवा कान पूर्ण गेलाय, डावा जाण्यातच आहे.
त्यांनी हॅण्डलचं टोक
जबड्याच्या हाडाला टेकवलं, डोळे मिटले,
आणि रुपयानं वाजवत गेले
या टोकापासून त्या टोकापर्यंत,
बोटभर, बोटभर,
मध्येच मागं येऊन पुन्हा.
गल्लीत कुणाचा तरी माग चालू होता.
त्यांना तो ऐकू येत नव्हता, मला येत होता.

"घे," म्हणाले.

सातशे साठ रुंद होतं, मला सातशे वीस पुरतं.
ओलं फडकं गुंडाळून, धूळ नाकात जाऊ न देता,
दोन्हीकडनं दोन-दोन सेंटिमीटर कापले.
बोल्ट पाच न्यूटनमीटर, त्यापुढं नाही.
पाना कट् करून सुटतो.
नायनांना तो कट् मनगटात कळला,
माझ्याआधी हात थांबला त्यांचा.

रविवारी मुरमावर पन्नास मिनिटं.
करंगळी होती. शेजारचं बोट, थोडं.

कापून उरलेल्या दोन काळ्या कड्यांतलं एक
अम्मानं दोऱ्याच्या रिळाला घातलंय.
दुसरं तिनं काट्यावर ठेवलं,
कारखान्यात वजनात मारतात
म्हणून घेतलेल्या छोट्या काट्यावर.
चार ग्रॅम.
"सोळा विड्या," म्हणाली,
आणि पुढचं पान उचललं.